अरबी अंक आणि मृगाचा पाऊस

इस्लामी इतिहासाची ओळख करून देणारे मराठी लेखन बहुधा एकाच ठिकाणी सुरू होते: सातव्या शतकातील अरबस्तान, वाळवंट, टोळ्या आणि उंट. तेथून खलिफांच्या विजयांची यादी, मग एक लांब उडी, की गझनीचा महमूद, अल्लाउद्दीन खिलजी, आणि शेवटी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान. यातील काहीही खोटे नाही. परंतु हा राज्यकर्त्यांच्या स्वाऱ्यांचा वृत्तान्त झाला. संस्कृतीचा परिचय यात कोठे आहे, हे आम्हांस अद्याप सापडलेले नाही.

कोल्हापूरच्या वाचकाला आम्ही निराळा आरंभ सुचवू इच्छितो. शिवकालापासून पेशवाईअखेरपर्यंतचे कोणतेही मोडी पत्र घ्यावे आणि त्यातील वर्ष वाचावे. १६७४-७५ सालच्या कागदावर ते ‘खमस सबैन व अलफ’ असे आढळेल. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. शुहूर सन १०७५. शिवराज्याभिषेकानंतर नवा शक सुरू झाला, राज्यव्यवहारकोश रचून फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्नही झाला. तरी कारकुनाच्या लेखणीतून हे अरबी अंक गेले नाहीत. पानिपतावर अब्दालीशी लढणाऱ्या मराठ्यांच्या दप्तरातही ते वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असेच नोंदले जात होते.

याच सनाला आपल्याकडे मृगसाल म्हणतात. अंक अरबी, पण वर्ष बदलते ते सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणजे सात जूनच्या आसपास. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र आहे. त्यात अधिक महिना धरण्यास कुराणातच मनाई आहे, त्यामुळे ते दरसाल सुमारे अकरा दिवसांनी मागे सरते. उपवासाला आणि हजला ते चालते, शेतसाऱ्याला चालत नाही. ज्वारी चंद्र पाहून पिकत नाही. म्हणून तारखेला हिजरी महिना राहिला (पत्रातले ‘छ’ हे अक्षर त्या चंद्राचेच), आणि वर्ष मात्र सूर्याला बांधले गेले. हिजरी सन आणि शुहूर सन यांचे आकडे मागे मागे नेत गेले की ७४५ या वर्षी, म्हणजे इ. स. १३४४ मध्ये, ते जुळतात. यावरून हा सन महंमद तुघलकाच्या कारकिर्दीत निघाला असावा, असे अभ्यासक मानतात. ज्याला आपण केवळ वेडा ठरवून मोकळे झालो, त्याच्या अमदानीतील ही व्यवस्था पुढे मराठ्यांनी शतकानुशतके वापरली.

ही अडचण एकट्या दख्खनची नव्हती. बगदादच्या अल-मुतदिद या खलिफाने ८९५ साली, पीक हाती येण्यापूर्वीच सारा मागितला जाऊ नये म्हणून, वसुलीचा नवरोज ११ जूनवर नेला. इराणात १०७९ साली सेल्जुक सुलतान मलिकशहाने सौर पंचांग सिद्ध करविले. त्या ज्योतिर्विदांत उमर खय्याम होता. अकबराचा फसली सन त्याच वाटेवरचा. धर्माने नेमून दिलेले चांद्र वर्ष न मोडता, शेताच्या वर्षाशी त्याची सांगड कशी घालावी, हा प्रश्न या लोकांनी वारंवार सोडविला. धर्म आणि त्या धर्माच्या लोकांनी उभी केलेली संस्कृती या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे आम्हांस कोणत्याही प्रबंधापेक्षा या सनाने अधिक स्पष्ट करून सांगितले.

‘ही तर जेत्याची उरलेली खूण’ असे कोणी म्हणेल. आरंभी तशी होतीही. दख्खनच्या सुलतानांच्या चाकरीतूनच ती मराठी दप्तरात आली, हे लपविण्याचे कारण नाही. पण जे अनेक पिढ्यांनी स्वेच्छेने राखले त्याला केवळ खूण म्हणणे आम्हांस पटत नाही. कोल्हापूरच्या पेठापेठांतील तालमींत आज लाल मातीत पोरे घुमतात. अरबीत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, हे ठाऊक असो वा नसो, शब्द आता कोल्हापूरचाच झाला आहे. शाहू छत्रपतींनी १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था काढून तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि अल्लादियाखाँना दरबारी गवई म्हणून ठेवले, हे तर येथे सर्वांस पाठच आहे. ते भाषणांत इतके उगाळले गेले आहे की त्याची आता ढाल झाली. पुढचे काही वाचण्याची गरज उरू नये म्हणून पुढे करावयाची.

६ जून २०२३ रोजी, राज्याभिषेकदिनी, मोबाइलवरील काही ‘स्टेटस’वरून शहर तापले. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, लाठीमार, आणि मग इंटरनेट खंडित. स्टेटस ठेवणाऱ्यांपाशी औरंगजेब नि टिपू ही दोन नावे होती, आणि चिडलेल्यांपाशीही नेमकी तीच दोन. सुमारे चौदाशे वर्षांच्या इतिहासातून उभय पक्षांच्या हाती एवढाच ऐवज आला होता. त्या दिवशी तारीख ७ जून होती. जुन्या कारकुनाने त्याच सुमारास मृगाचा पहिला पाऊस पाहून वहीचे नवे पान उघडले असते आणि वर अरबी अंकांत साल घातले असते.