आधी विमान ठरवा, मग सामान आणा

घरात फ्लाइट सिम्युलेटरचा कॉकपिट उभारावा, असं बऱ्याच जणांच्या मनात असतं. कुणाचं पायलट व्हायचं लहानपणीच राहून गेलेलं असतं, कुणाची मुलगी बारावीनंतर वैमानिक व्हायचं म्हणत असते, तर कुणी नुकताच निवृत्त झालेला असतो आणि हाताला काम हवं असतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. सामानाला मात्र असतं, आणि या छंदात ते भराभर वाढतं. जॉयस्टिक, योक (विमानाचं स्टीअरिंग), पेडल, तीन पडदे, व्हीआर हेडसेट, वर खुर्ची. एवढं सगळं घेऊन झाल्यावर कळतं की आपल्याला नक्की काय उडवायचंय हेच ठरवलं नव्हतं.

म्हणून पहिला प्रश्न दुकानदाराला नको, स्वतःला विचारा. विमान कुठलं? सेस्ना 172 सारख्या छोट्या विमानात डाव्या सीटवरचा वैमानिक डाव्या हाताने योक धरतो आणि उजव्या हाताने थ्रॉटलची मूठ आत-बाहेर करतो. एअरबस ए320 मध्ये योकच नाही. कॅप्टनच्या डाव्या हाताशी साइडस्टिक असते आणि थ्रॉटलचे दांडे उजवीकडे, मधल्या पेडेस्टलवर. मिग-21 किंवा मिराज 2000 सारखं लढाऊ विमान हवं असेल, तर स्टिक दोन गुडघ्यांच्या मध्ये आणि थ्रॉटल डाव्या हाताला. तिन्हींचं सामान वेगळं, बसण्याची उंची वेगळी, टेबलाची गरजही वेगळी. ‘सगळंच थोडं थोडं चालवू’ म्हणून घेतलेलं सामान शेवटी कुठल्याच विमानाला नीट बसत नाही.

ठरत नसेल तर सेस्ना 172 घ्या. हे विमान 1955 पासून उडतंय आणि जगभरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये नवखे त्यावर शिकतात. वेग कमी, काटे मोजके, आणि आपलं काय चुकलं ते लगेच दिसतं. मोठ्या जेटमध्ये ऑटोपायलट लावून माणूस चार तास बसू शकतो आणि काहीही शिकत नाही.

सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीला पैसे टाकायची गरज नाही. फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आहे. एक्स-प्लेन 12 चा मोफत डेमो मिळतो. लढाऊ विमानांसाठीचं डीसीएस वर्ल्डही मोफत उतरवून घेता येतं, त्यात दोन विमानं आधीच दिलेली असतात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024 विकत घ्यावं लागतं आणि जमिनीचं दृश्य ते उडत असतानाच इंटरनेटवरून खेचतं. कंपनी किमान 10 एमबीपीएस आणि शिफारस म्हणून 50 एमबीपीएसचा वेग सांगते. रोज दोन जीबीच्या मोबाइल डेटावर हे चालणार नाही. घरात फायबर नसेल, तर ज्याचं दृश्य डिस्कवर साठवता येतं असं एक्स-प्लेन बरं.

आता सामानाच्या क्रमाकडे येऊ. त्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो. अमेरिकेत बिंगहॅम्टनला एड्विन लिंक नावाच्या माणसाच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. लिंकने तिथल्याच भात्यांवर एक लाकडी खोकं बसवलं आणि 1929 मध्ये उड्डाणाच्या सरावाचं यंत्र तयार केलं. बरीच वर्षं लोकांनी ते जत्रेतलं खेळणं मानलं. 1934 मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचं काम आलं. खराब हवेत, रात्री-अपरात्री उडताना त्यांतले काही जण मेले. मग लष्कराने लिंकची सहा यंत्रं घेतली. झाकण लावलं की आत बसलेल्याला बाहेरचं काहीही दिसत नसे. हातात दांडा, पायाशी पेडल आणि समोर काटे. दुसऱ्या महायुद्धातले हजारो वैमानिक या खोक्यात बसून शिकले. म्हणजे शिकण्यासाठी आधी हात, पाय आणि काट्यांवरची नजर लागते. मोठा पडदा नंतरचा.

तेव्हा सुरुवात एका साध्या जॉयस्टिकने करा, आणि ती अशी घ्या जिची मूठ डावी-उजवीकडे पिळता येते. ते पिळणं रडरचं, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवण्याचं, काम करतं, त्यामुळे पेडलचा खर्च पुढे ढकलता येतो. जुनी घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊनच बघा. विंडोजमध्ये ‘जॉय.सीपीएल’ ही खिडकी उघडा, जॉयस्टिक हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि मधे सोडून द्या. पडद्यावरची खूण थरथरत असेल किंवा मध्यावर परत येत नसेल, तर आतला पोटेन्शिओमीटर झिजलाय. हॉल सेन्सरवाल्या जॉयस्टिकमध्ये घासणारा भाग नसतो, चुंबकावर काम चालतं, म्हणून ती जास्त टिकते. परदेशातून मागवणार असाल तर किमतीत वाहतूक आणि सीमाशुल्क धरा, आणि बिघडली तर वॉरंटीसाठी कुठे पाठवायची हे आधी विचारा. एक्सबॉक्सवर उडवणार असाल तर डब्यावर एक्सबॉक्सचा उल्लेख आहे ना ते पाहा. कॉम्प्युटरवर चालणारं प्रत्येक यंत्र तिथे चालत नाही.

पेडल कधी घ्यायचं? सिममध्ये मुंबईतल्या जुहूच्या धावपट्टीवर सेस्ना उभं करा. सेटिंगमध्ये रडर आपोआप सांभाळणारी मदत असते, ती बंद करा. थ्रॉटल पूर्ण आत. विमान धावायला लागताच नाक डावीकडे ओढलं जाईल, तो फिरणाऱ्या पंख्याचा परिणाम. खऱ्या विमानात उजवा पाय दाबून त्याला मध्यरेषेवर ठेवतात. साधारण 55 नॉटला योक हलकेच मागे घेतला की चाकं सुटतात. मूठ पिळून हे जमतं, पण त्याच मनगटाने नाकही उचलायचं असतं आणि दोन्ही कामं एकमेकांत अडकतात. ही अडचण हाताला जाणवू लागली की पेडल घ्या.

पेडल आलं की खरी कसरत सुरू होते, कारण आपल्या घरांत फरशी असते. पाय दाबला की पेडल पुढे सरकतं आणि चाकांची खुर्ची मागे. उतरल्यावर ब्रेक लावायला दोन्ही चवडे दाबले की वैमानिक धावपट्टीपासून दूर, थेट सोफ्याकडे निघतो. यावर विकतचं स्टँड घ्यायची गरज नाही. 18 मिलिमीटरच्या प्लायवूडची साधारण पाच फूट लांब, अडीच फूट रुंद फळी सुताराकडून कापून घ्या. एका टोकाला पेडल आणि दुसऱ्या टोकाला खुर्ची, दोन्ही एकाच फळीवर. खुर्चीची चाकं काढून त्या जागी स्थिर पाय लावा, किंवा चाकं हलू नयेत म्हणून फळीवर लाकडी पट्ट्या ठोका. खाली रबरी मॅट. आता पायाचा जोर आणि पाठीचा जोर एकाच फळीवर पडतो आणि काहीच हलत नाही.

भोकं पाडायची घाई मात्र नको. कॉकपिट हा शिवून घेतलेल्या सदऱ्यासारखा असतो, माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही. पाठ टेकून बसा. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. तिथे पेन्सिलने खूण करा, पेडल दुहेरी टेपने चिकटवून आठवडाभर उडवा, मगच स्क्रू मारा. योकचंही तसंच. कोपर अंगाशी, हात जमिनीला समांतर, तिथे योकची मूठ यायला हवी. आपलं नेहमीचं टेबल सुमारे अडीच फूट उंच असतं. त्यावर योक बसवला की तो छातीपर्यंत येतो आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. टेबलाखाली एक खालची फळी ठोका किंवा खुर्ची उंच करून पायांखाली आधार द्या.

पडद्याचा विचार यानंतर. जुहूला उतरण्यासाठी धावपट्टीला समांतर उडून डावीकडे वळताना धावपट्टी डाव्या खांद्याच्या मागे जाते, आणि एका पडद्यावर ती दिसत नाही. आधी जॉयस्टिकवरचं छोटं बटण वापरून मान वळवायची सवय करा. मग ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर आणि साधा वेबकॅम घ्या. तुम्ही डोकं जरासं वळवलं की पडद्यावरचं दृश्य भरपूर वळतं. तीन पडदे लावले तर ग्राफिक्स कार्डावरचा भार खूप वाढतो, हे विसरू नका. व्हीआर घेणार असाल तर बटणांचं पॅनेल बनवायच्या फंदात पडू नका, कारण हेडसेट घातल्यावर ते दिसतच नाही. व्हीआरने काहींना मळमळतं. आधी कुणाकडे तरी अर्धा तास घालून पाहा.

पॅनेल बनवायचंच असेल तर त्यात मजा खूप आहे आणि खर्च आपल्या हातात आहे. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठा. टॉगल स्विच, रोटरी एन्कोडर, पुश बटणं, तारा सगळं तिथे मिळतं. आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हा बोर्ड कॉम्प्युटरला जॉयस्टिक म्हणून दिसेल असा प्रोग्राम करता येतो. मोबीफ्लाइट या मोफत सॉफ्टवेअरने एखादं चाक अल्टिमीटरला, एखादा स्विच लँडिंग लाइटला जोडता येतो. पहिल्या पॅनेलवर सहापेक्षा जास्त स्विच नकोत, आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा.

विजेकडे दुर्लक्ष नको. लोखंडी फ्रेम, चार-पाच ॲडाप्टर आणि दहा तारा एका जागी येतात, तेव्हा अर्थिंग तपासून घ्या आणि तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात कोंबू नका. बाजारातला 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटच देतो. गेमिंग कॉम्प्युटर त्यावर नीट बंद करता आला तरी पुरे. वीज गेल्यावर उड्डाण चालू ठेवायला तो नाही. यंत्रं एका साध्या हबला जोडू नका, स्वतःचा ॲडाप्टर असलेला हब घ्या. उतरताना ऐन वेळी योक गप्प झाला, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमधली यूएसबी ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. बऱ्याचदा दुखणं तेवढंच असतं.

सरावाला दूर जाऊ नका. जुहूवर बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 पासूनचा. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमानाने इथेच उतरले. तो मार्ग नकाशा आणि घड्याळ यांच्या भरवशावर उडून बघा. जुहू आणि सांताक्रूझचे विमानतळ इतके जवळ आहेत की 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8 चुकून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि पलीकडे घुसलं. कोणती धावपट्टी आपली, हे ओळखण्याचा सराव याहून चांगला कुठे मिळणार? हात बसला की व्हॅटसिम हे मोफत जाळं आहे. तिथे हौशी माणसं खऱ्या पद्धतीने एअर ट्रॅफिक कंट्रोलचं काम करतात.

आता पालकांसाठी. घरच्या सिम्युलेटरवरचा एकही तास डीजीसीएच्या लॉगबुकात धरला जात नाही. कमर्शियल लायसन्ससाठी 200 तास खरंच उडावं लागतं. घरच्या कॉकपिटवर चेकलिस्ट, रेडिओवरची भाषा आणि काट्यांवरून नजर फिरवणं पक्कं होतं. पण सतत काट्यांकडेच बघायची सवयही लागते, आणि शिकवणाऱ्याला ती आधी मोडावी लागते. शरीराला जाणवणारा झटका, वाऱ्याचा धक्का इथे नसतोच. मुलगा किंवा मुलगी खरंच या वाटेने जाणार असेल, तर महागड्या योकच्या आधी क्लास 2 मेडिकल करून घ्या. डोळे किंवा कान यांबद्दल काही निघायचं असेल तर ते लवकर निघालेलं बरं.

आणि एक कळकळीची विनंती. या छंदासाठी हप्त्यावर काहीही घेऊ नका. मोफत डेमो उतरवा, एक साधी जॉयस्टिक घ्या, एकच विमान आणि एकच विमानतळ धरा. सलग दहा वेळा मध्यरेषेवर, न आदळता उतरता आलं की पुढची वस्तू घ्या. तोवर ऑनलाइन कार्टमधलं बाकीचं सामान तिथेच राहू द्या.