पोटाला चिमटा नको, हिशेब हवा

गरिबाला काटकसरीचा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. चहा कमी प्या, भाजीत तेल कमी टाका, पोरांचा खाऊ बंद करा! परंतु ज्या घरात आधीच भाकरी मोजून थापली जाते, तिथे आणखी कापायचे तरी काय? तथागतांनी दीघजाणु या गृहस्थाला मिळकत पाहून खर्च करायला सांगितले, तेव्हा उधळपट्टीबरोबर कंजुषीही टाळायला सांगितली होती. म्हणून आम्ही समाजबांधवांना पोट मारायला सांगणार नाही. आमचे सांगणे एवढेच आहे की, उधारीत, मापात आणि न मागितलेल्या हक्कात आपला जो पैसा गळतो, तो आधी अडवा.

आमच्या नेर तालुक्याचेच घ्या. इथे कापूस, सोयाबीन आणि तूर. मजुराच्या हाती चार पैसे येतात ते सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी यांच्या दिवसांत. लहान शेतकऱ्याच्या हाती येतात ते चुकारा झाल्यावर. चूल मात्र बाराही महिने पेटवावी लागते. मग पावसाळ्यात किराणा वहीवर लिहिला जातो, नाहीतर कुणाकडून शेकडा पाच रुपये महिन्याने पैसे उचलले जातात. शेकडा पाच म्हणजे वर्षाला शंभरावर साठ रुपये! दोन हजारांचा किराणा असा वर्षभराने बत्तीसशेला पडतो. महागाईत मजुरी भावाच्या मागे रखडते आणि त्याचा मार श्रमिकाला बसतो, हे बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात मांडले होते. त्या मारावर हे व्याज म्हणजे दुहेरी फटका होय.

उधारीने दुसरे नुकसान होते, ते वहीत लिहिलेले नसते. छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेणे गुन्हा आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सरकारी तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो आणि त्याचे प्रमाणपत्र दुकानात लावावे लागते. हा कायदा आहे. पण ज्याचे देणे डोक्यावर आहे तो दुकानदाराला 'काटा दाखवा', 'बिल द्या' कोणत्या तोंडाने म्हणणार? उधारी माणसाचे तोंड बांधते. म्हणून पहिली बचत हीच की, हंगामाच्या मजुरीतून निदान तेल, मीठ, चहा, साखर रोखीने घेण्याइतका पैसा बाजूला काढावा. तूर निघते त्या दिवसांत भाव साधारणतः उतरलेला असतो. तेव्हाच डाळीची सोय करून ठेवावी.

दुसरी बचत मापाची. पूर्वी तेल, चहा, मीठ अशा वस्तू ठरावीक वजनातच बांधाव्या लागत. २०२१ च्या नियमदुरुस्तीने ती सक्ती काढली आणि त्याऐवजी पाकिटावर प्रति ग्रॅम वा प्रति किलो भाव छापण्याचे बंधन आणले. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. पण तेवढ्याच आकाराच्या दिसणाऱ्या पाकिटात ८५० किंवा ८०० ग्रॅमही असू शकते. 'पाकीट केवढ्याला?' असे न विचारता 'ग्रॅमला किती पडले?' हे पाहावे. मोठे पाकीट नेहमी स्वस्तच असते, हाही भ्रम आहे. शॅम्पूची एक रुपयाची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते, तर चहाची लहान पुडी महाग पडते. आपल्या आठवी-नववीतल्या मुलीला हा भागाकार करायला लावा. शाळेत शिकलेले गणित घराच्या कामी येईल.

तिसरी बचत हक्काची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. प्राधान्य कार्डावर बाळाचे नाव चढले नाही तर महिन्याचे पाच किलो, म्हणजे वर्षाचे साठ किलो धान्य आपण गमावतो. त्यासाठी तहसीलमध्ये अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. धान्य उचलताना मशीनची पावती मागा. याच कायद्याने अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री कार्डावर कुटुंबप्रमुख ठरते, हे किती घरांत माहीत आहे?

फसवणूक झालीच तर १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि वकील लावण्याची सक्ती नाही. आम्ही स्वतः वकील असूनही हे मुद्दाम सांगतो! फक्त बिल हवे. बिल नाही तर पुरावा नाही.

मात्र एकटे घर किती पुरे पडणार? १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावी २८ विणकर व कारागिरांनी पैसा पैसा जमवून आपले दुकान काढले. माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानही काढले नाही. शेजारच्या कुटुंबांचे संघ केले, महिन्याच्या याद्या एकत्र केल्या आणि माल घाऊक आणून वाटून घेतला.

हे नेरमध्ये का होऊ नये? आपल्या वस्त्यांत महिलांचे बचत गट आहेत. दर महिन्याला पैसे जमतात, वही लिहिली जाते, कर्ज दिले-घेतले जाते. त्याच बैठकीत किराण्याची यादीही वाचली जावी. दहा घरांची तूरडाळ, तेल, साखर आणि साबण, एवढ्या चारच वस्तूंपासून सुरुवात करा. पैसे आधी जमवा, तीन ठिकाणचे भाव विचारा, बिल घ्या, माल सर्वांसमोर मोजा आणि हिशेब वाचून दाखवा. उधारीने एकेकट्याचे तोंड बांधलेले असते, पण दहा घरांची रोख यादी घेऊन गेलेल्या बाईला दुकानदार स्वतः खुर्ची देतो.

यातून वाचलेला पैसा कुठे जावा, हे आम्ही सांगायला नको. जून महिन्यात वह्या-पुस्तकांसाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागले नाही, तरी या बचतीचे चीज झाले.