दार आणि खिडकी

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड जडते. संकट आले तरी तो आधी शब्दाकडे बघतो. 25 मार्च 2020 रोजी सारा देश बंद झाला, वर्तमानपत्रांनी त्याला ‘टाळेबंदी’ म्हटले, आणि मला गिरणगाव आठवले. हा शब्द मूळचा गिरण्यांच्या दारातला. कामगाराने संप करायचा आणि मालकाने टाळेबंदी, असा तो जुना सामना. तोच शब्द आता मालक-कामगार दोघांनाही घरी बसवून गेला.

पण टाळे लावायला काय लागते? एक किल्ली. ते उघडायला मात्र शहाणपण लागते, आणि ते आपल्याकडे किती आहे याची परीक्षा लवकरच झाली. 7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणमजवळच्या एका कारखान्यातून स्टायरीन नावाच्या रसायनाची वाफ सुटली आणि आसपासच्या वस्तीतली 12 माणसे दगावली. टाळेबंदीच्या काळात टाकीत साठून राहिलेले ते रसायन आतल्या आत तापत गेले होते. दोनच दिवसांनी, 9 मे रोजी, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सूचना काढल्या. बंद कारखाना उघडलात तर पहिला आठवडा चाचणीचा धरा. एकदम उत्पादनामागे धावू नका. यंत्रांचा वेगळा आवाज, वेगळा वास, कुठे गळती, धूर दिसला तर लक्ष द्या. बंद घर उघडताना आपली आजी हेच करीत असे. आधी दारे-खिडक्या सताड उघडायची, कानोसा घ्यायची, मग चूल पेटवायची!

आता आमच्या महाविद्यालयात ना टाकी, ना बॉयलर. असलेच तर काही स्फोटक विद्यार्थी. 15 फेब्रुवारी 2021 रोजी ते निम्म्या संख्येने आले. मग दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप. शेवटी 20 ऑक्टोबर 2021 पासून महाविद्यालये पुन्हा सुरू झाली. तेव्हा दाराशी जो थाट होता तो आपणांपैकी प्रत्येकाने आपापल्या कचेरीच्या दारात पाहिला असेल. टेबलावर जंतुनाशकाची बाटली, शेजारी नाव-गाव-फोन लिहायची वही, आणि त्या वहीला दोरीने बांधलेले एकच पेन, जे बाटलीआधी शंभर हातांनी धरलेले! जमिनीवर पांढरी वर्तुळे. आणि कपाळावर रोखलेले ते तापमान मोजायचे पिस्तूल. आमच्या प्राध्यापकवर्गाचे तापमान त्यात बहुधा 94 अंश निघे. वैद्यकशास्त्राप्रमाणे आम्ही अर्धेअधिक गारठलेले असायला हवे होतो. पण पिस्तुलाला 100 च्या आतले सारे मान्य होते. ताप चढण्याआधीही माणूस रोग पसरवू शकतो, हे त्या पिस्तुलाला कुणी सांगितले नव्हते.

मराठीत एक गंमत आहे. चोरापासून राखणे आणि अपघातापासून राखणे या दोहोंना आपण ‘सुरक्षा’ हा एकच शब्द वापरतो. त्यामुळे रोगाचा बंदोबस्तही चोरासारखाच झाला. त्याला दारात अडवायचे, त्याची झडती घ्यायची, वहीत नोंद करायची. पण हा चोर दारातून चालत येत नव्हता, तो हवेतून येत होता. मे 2021 मध्ये केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने स्पष्ट सांगितले होते की, तोंडावाटे उडणारे मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात. पण सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंतही जाऊ शकतात, तेव्हा खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. म्हणजे खरा पहारा दाराला नव्हे, खिडकीला हवा होता.

मुंबईला हे नवीन नाही. 1896 साली शहरात प्लेग आला, आणि 1898 साली सुधारणेसाठी ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राचे वारे शिरावे म्हणून त्याने रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट हा त्यांतलाच. त्या कामात गरिबांची घरे पाडली गेली, हे विसरता येणार नाही. पण रोग गेल्यावरही रस्ता मागे राहिला. वारा आजही तिथून जातो.

आमच्या साथीमागे काय राहिले? जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. वही गेली, वर्तुळे पुसली, बाटली आटली. आमच्या वर्गांच्या ज्या खिडक्या त्या दिवसांत खटपटीने उघडल्या होत्या त्या वातानुकूलन आल्यावर पुन्हा बंद झाल्या. हजेरीचे बोटाचे यंत्र साथीत बंद पडले होते. केंद्र सरकारने आपल्या कचेऱ्यांत ते 8 नोव्हेंबर 2021 पासून पुन्हा सुरू केले. आता कित्येक ठिकाणी बोटाऐवजी चेहरा दाखवावा लागतो. दरवाजा हुशार झाला. खिडकी होती तिथेच राहिली.

आणि या दोहोंच्या मधे एक माणूस राहिला, ज्याच्याकडे कुणाचेच लक्ष गेले नाही. आमच्या दारावर एक मामा असतात. कंत्राटदाराचे माणूस. त्या दिवसांत रोज कितीतरी जणांच्या हातभर अंतरावर उभे राहून ते पिस्तूल रोखीत. सहज विचारले, “मामा, तुमचा ताप कोण बघतं?”

ते हसले. म्हणाले, “सर, माझा बघितला आणि निघाला, तर खाडा. मग बघायचा कशाला?”

या एका वाक्यापुढे आमची सारी परिपत्रके फिकी पडली. मला ताप आला तर रजेचा अर्ज करून मी घरी पांघरूण घेऊन पडतो. पगाराला धक्का लागत नाही. मामांच्या तापाची किंमत मात्र एका दिवसाची भाकरी. मग ते गोळी घेऊन येणार, उभे राहणार, आणि आमच्या प्रत्येकाच्या तोंडासमोर तोंड आणणार. ज्याला आजारी पडण्याची मुभा नाही त्याच्या हाती आम्ही आमच्या आरोग्याची राखण दिली! यात दया दाखवण्याचा प्रश्नच नाही, हा सरळ हिशेब आहे. तापाच्या दिवसाचा पगार ही जंतुनाशकाच्या बाटलीपेक्षा अधिक कामाची वस्तू आहे.

दिवाळीत आपण घर झाडतो, जळमटे काढतो. सुट्टी संपवून कामावर परताल तेव्हा आपल्या कचेरीत दोन साध्या गोष्टी विचारून बघा. ही खिडकी उघडते का? आणि दारावरच्या माणसाला ताप आला तर त्याचा खाडा धरतात का? पहिल्या प्रश्नाला फार तर सुतार लागेल. दुसऱ्याला साहेबांच्या खोलीपर्यंत जावे लागेल, आणि तिथे एकट्याने जाण्यापेक्षा चारजणांनी मिळून गेलेले बरे. मी आमच्याकडे विचारले आहे. उत्तर अजून ‘विचाराधीन’ आहे. शब्द चांगला आहे, पण त्याने मामांचा ताप उतरत नाही. म्हणून पुन्हा विचारणार आहे.