टाँग टेस्टर म्हणाला, शून्य!

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर सांभाळून घ्या! पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता, कारण ज्यांच्यासमोर माझी फजिती झाली त्या माझ्या मामांना मी हा अंक पाठवणार आहे.

झालं असं. सेकंड इयरची परीक्षा संपवून मी मराठवाड्यात मामांच्या शेतावर गेले होते. त्यांच्या विहिरीवर सोलर पंप आहे. पॅनेलच्या दोन स्ट्रिंग, प्रत्येकीत सात पॅनेल. पाण्याची धार बारीक झाली होती. मामा म्हणाले, "इलेक्ट्रिकल शिकतीस ना? बघ की जरा काय झालंय." मग काय विचारता! मी ऐटीत बॅगेतून टाँग टेस्टर काढला. (कंपनीच्या कागदावर त्याला क्लँप मीटर म्हणतात, पण वायरमनपासून आपल्या लॅब असिस्टंटपर्यंत सगळे टाँग टेस्टरच म्हणतात.) एका स्ट्रिंगच्या वायरभोवती त्याचा जबडा बसवला. डिस्प्लेवर ०.०!

"मामा, ही लाइन मेलीय. करंटच नाहीये. कनेक्टर काढा, तपासू."

मामांनी भाचीवर विश्वास ठेवून कनेक्टर ओढला, आणि फट्कन निळसर पांढरी ज्योत निघाली. मामांनी हात झटकला म्हणून अंगठ्याला चटका बसण्यावर निभावलं. कनेक्टरचं प्लॅस्टिक मात्र वितळलं. लाइन मेली नव्हती, भर दुपारच्या उन्हात चांगली जिवंत होती. मेलं होतं ते माझं डोकं! तोच टाँग टेस्टर मी दुसऱ्या स्ट्रिंगला लावला असता तर तिथेही शून्यच आलं असतं, आणि पाणी तर समोर पडत होतं. एवढा साधा विचार मी केला नाही. (बारीक धारेचं कारण नंतर कळलं. पॅनेलवर बोटभर धूळ होती.)

आता थिअरी. साधा टाँग टेस्टर म्हणजे एक ट्रान्सफॉर्मरच. वायर ही एका वेढ्याची प्रायमरी आणि जबड्यातली कॉइल ही सेकंडरी. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं की फ्लक्स बदलला तरच कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. डीसीमध्ये फ्लक्स असतो, पण तो बदलत नाही. म्हणून दहा अँपिअर असोत की शंभर, हा बिचारा शून्यच म्हणणार! ट्रान्सफॉर्मर डीसीवर का चालत नाही, हे मी परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिलं होतं. पाचपैकी साडेचार मिळाले होते. पण हातातलं मीटर हासुद्धा ट्रान्सफॉर्मरच आहे, हे शेतावर आठवलं नाही.

डीसी मोजणारा क्लँप वेगळा असतो. त्याच्या जबड्याच्या फटीत हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत होता, म्हणजे आपल्यासारखाच विद्यार्थी! १८७९ मध्ये त्याने सोन्याच्या पातळ पत्र्यातून करंट सोडला, चुंबक जवळ ठेवला, आणि त्याला पत्र्याच्या आडव्या बाजूला बारीकसं व्होल्टेज मिळालं. यात फ्लक्स बदलावा लागत नाही, असला की पुरे. म्हणून हा क्लँप डीसी मोजू शकतो.

पण याचेही नखरे आहेत. पृथ्वीचं चुंबकत्व आणि जबड्यात उरलेलं चुंबकत्व, दोन्ही त्याला जाणवतात. म्हणून वायर आत घेण्यापूर्वी रिकामा जबडा बंद करून झिरोचं बटण दाबायचं. जबड्यावर बाण असतो, उलटा लावला तर आकडा मायनसमध्ये येतो. प्लस आणि मायनस दोन्ही वायरी एकदम आत घेतल्या तर पुन्हा शून्य! करंट फारच कमी असेल तर वायरचे दहा वेढे जबड्यातून घ्यायचे आणि आकड्याला दहाने भागायचं. सिलेक्टर चुकून एसीवर राहिला तर महागड्या मीटरचीही गत माझ्यासारखीच.

आणि मीटर कितीही चांगलं असो, कनेक्टर ओढण्याआधी स्विच बंद करायचाच. आपल्या ५० हर्ट्झच्या एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीला ती संधीच नाही.

चूक माझीच होती, हे कबूल. पण माझं म्हणणं असं की आपण डीसी मोजायला शिकतो कुठे? फर्स्ट इयरला सर्किट तोडून सिरीजमध्ये अॅमीटर जोडतो, की झालं. बाहेर मात्र सोलर, घरचा इन्व्हर्टर, ई-रिक्षा, मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या, सगळीकडे डीसी आहे. साध्या मल्टिमीटरवर बहुधा दहा अँपिअरची मर्यादा असते. इन्व्हर्टरच्या बॅटरीतून पन्नास अँपिअर सहज जातात, तिथे सर्किट तोडून तो जोडणार कसा?

काही जण म्हणतात, "नोकरीत शिकशील." नोकरीत चूक झाली तर पुढे कुणाचा तरी हात असतो. माझ्या वेळी मामांचा होता. काही म्हणतात, "डीसी क्लँप महाग असतो." साध्यापेक्षा महाग आहे, मान्य! पण आपल्या लॅबमधल्या मोटर-जनरेटर सेटपुढे त्याची किंमत ती काय?

माझी मागणी छोटी आहे. डिपार्टमेंटने एका बॅचला एक तरी डीसी क्लँप द्यावा. आणि एक प्रॅक्टिकल मुद्दाम फसवणारं ठेवावं. बॅटरी आणि दिव्याचं सर्किट, त्यावर आधी साधा टाँग टेस्टर, मग डीसीचा. दिवा पेटलेला आणि मीटरवर शून्य, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की जन्मात विसरणार नाही. व्हायवात 'शून्य का आलं?' एवढंच विचारावं.

मामा आता कुणीही मीटर काढलं की आधी विचारतात, "हे डीसीचं हाय का?" अंगठ्यावर अजून डाग आहे. हा प्रश्न आपल्याला लॅबमध्येच कुणी विचारला तर बरं, नाही का? बघा पटतंय का!