छापलं म्हणजे जपलं नव्हे

फाईल एका मशीनवरून दुसऱ्यावर नेली आणि प्रिंट बिघडली की पहिल्या शिव्या खातो तो बिचारा प्रिंटर. माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. दोन्ही मशीन्सनी गृहीत धरलेल्या गोष्टीच वेगळ्या असतात.

सगळ्यात जुनं उदाहरण घ्या. ओळ संपल्याची खूण म्हणून युनिक्स नुसता लाइन फीड टाकतं, तर डॉस-विंडोजला त्याआधी कॅरेज रिटर्नही लागतो. युनिक्सची टेक्स्ट फाईल तशीच डॉट मॅट्रिक्सवर सोडली की कागद एक ओळ सरकतो, पण हेड डाव्या कडेला परतत नाही. मजकूर जिना उतरल्यासारखा उजवीकडे चालू लागतो! युनिक्स-टू-डॉस कमांड मारली की प्रश्न मिटला. हे असले प्रश्न मला आवडतात. बिघाड डोळ्यांना दिसतो आणि मिनिटात सुटतो.

मराठीची गोष्ट वेगळी. कृतिदेवमध्ये टाईप केलेला 'मराठी' हा शब्द फाईलमध्ये मराठी नसतोच. तिथे असतात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचे मुखवटे चढवतो. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटे गळतात आणि कागदावर अगम्य इंग्रजी उमटतं.

यावर सर्वमान्य तोडगा म्हणजे फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ द्या. बरोबरच आहे. प्रेसला फाईल देण्याआधी रीडरच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सच्या यादीत प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' आहे ना, हे बघाच. पण छापून छान आलं की सगळे खूश होतात आणि तिथेच थांबतात. माझी तक्रार आहे ती इथे.

ओळखीच्या एका काकांनी 2002 साली घराण्याचा कुळवृत्तांत छापला. दुसऱ्या आवृत्तीसाठी सीडी माझ्याकडे आली. पीडीएफ उघडली, प्रिंटही सुरेख निघाली. पण त्यात एका पणजीचं नाव शोधलं तर उत्तर शून्य. मजकूर कॉपी केला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. कन्व्हर्टर आहेत, पण कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर, तर युनिकोडमध्ये नेमकं उलट. ही उलटापालट करताना कुठेतरी घोळ राहतोच. साध्या शब्दातला घोळ कुणीही पकडेल, पण गावाच्या आणि माणसांच्या नावातला? तो फक्त काका पकडू शकतात, आणि त्यांचं वय आता 84 आहे.

डीटीपीवाल्यांना दोष देत नाही. पेजमेकरला युनिकोड देवनागरी झेपतच नव्हती, आणि त्याची शेवटची मोठी आवृत्ती, 7.0, आली 2001 मध्ये. पण देवनागरी तर 1991 पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये आहे, आणि आजच्या सॉफ्टवेअरना ती जमते. आता सबब नको.

तेव्हा स्मरणिका असो, सोसायटीचा अहवाल असो की आजोबांचं आत्मचरित्र, दोन फाईली मागा. प्रेससाठी पीडीएफ आणि स्वतःसाठी युनिकोड मजकूर. आणि हो, पैसे चुकते करण्याआधीच मागा. वीस वर्षांनी ऑपरेटर, मशीन आणि फॉन्ट यातलं काहीच सापडत नाही.