‘नुसता उभा’ होता म्हणजे काय?


‘मुलाने हात लावला नाही, नुसता उभा होता, मग त्याला कसली भीती?’ हा दुकानातल्या चोरीबद्दल लिहिणाऱ्या एका पत्रलेखकाचा सवाल वाचला. वेळणेश्वरला देवळाच्या वाटेवर माझं दुकान आहे. गेल्या मे महिन्यात एक पोरगा कोकम सरबताच्या बाटल्यांचे भाव दोन-दोनदा विचारत राहिला. मागे त्याच्या मित्राने दोन डिओ सॅकमध्ये सरकवले. हा ‘नुसता उभा’? ठरवून केलं असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) प्रमाणे दोघेही सारखेच जबाबदार. काही ठाऊक नसताना शेजारी असणं मात्र गुन्हा नव्हे.

पण ‘पोराला कोठडीत डांबतील’ ही भीतीही फुकाची. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठराच्या आतल्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. असल्या प्रकरणात दोष ठरला तरी पुढे नोकरीला अपात्रता चिकटत नाही. अठरा पूर्ण झालेल्या मित्राला ही सवलत नाही, हे पत्रलेखक विसरले.

मी पोलिसांत गेलो नाही. दोघांच्या आयांना बोलावलं. एका डिओचं सील फुटलेलं होतं. तो अजून गल्ल्याशेजारी पडून आहे.

– एक दुकानदार, वेळणेश्वर (ता. गुहागर)