फाउंड्रीतील किशोर आणि कायद्याची मर्यादा

संपादक महाशय,


आपल्या गेल्या अंकात एका उद्योजक वाचकाने असा अभिप्राय दिला आहे की, चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना फाउंड्रीत काम करण्यास कायद्याने मज्जाव केल्यामुळे गरीब कुटुंबांची मिळकत बुडते आणि ओतकामात वाकबगार असा कारागीर यापुढे घडणार नाही. हे गृहस्थ सद्हेतूने लिहीत आहेत याविषयी मला शंका नाही. तथापि कोल्हापूर परिसरातील माध्यमिक शाळेत ज्याची हयात गेली आणि दहावीत नापास झालेले आपले विद्यार्थी औद्योगिक वसाहतीच्या वाटेला लागलेले ज्याने पाहिले, त्या मला या मताचा प्रतिवाद करणे कर्तव्य वाटते.

१९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन ‘किशोर’ हा स्वतंत्र वर्ग मानला गेला आणि खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि कारखाने अधिनियमातील धोकादायक प्रक्रिया यांत त्याला कामास लावणे हा गुन्हा ठरला. त्या प्रक्रियांच्या यादीत फाउंड्री आहे, आणि ती तेथे असणे सर्वथा योग्य आहे. वितळलेल्या लोखंडाचा रस अंगावर उडण्याचे भय कोणासही दिसते, आणि म्हणून मालकही त्याबाबत सावध असतात. परंतु वाळूचे साचे फोडताना व फेटलिंग, म्हणजे ओतीव मालाची घासून सफाई, करताना जी सूक्ष्म सिलिकायुक्त धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते, तिचे भय दिसत नाही, तिने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग पुष्कळदा अनेक वर्षांनी प्रकट होतो, तो बरा होत नाही, आणि काम सोडल्यानंतरही वाढत राहू शकतो. पंधराव्या वर्षी या धुळीत उभा राहिलेला मुलगा आठवड्याची मजुरी हाती घेतो, पण तिची किंमत कदाचित पस्तिशीत, पदरी बायकामुले असताना चुकवतो; आणि या सौद्याला त्याने दिलेली संमती ही संमती आहे असे मानण्यास माझे मन तयार नाही. बापाने त्याच्या वतीने दिली, तरी नाही.

कारागीर घडण्याची चिंता रास्त आहे, पण तिची तजवीज कायद्यातच आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे दार चौदाव्या वर्षापासून खुले असते. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानेही २०१४च्या दुरुस्तीनंतर धोकादायक उद्योगांपुरतीच अठरा वर्षांची अट घातली आहे. मिळकतीचे म्हणाल, तर बिनधोक काम किशोराला आजही करता येते, मात्र विश्रांतीसह दिवसाला सहा तासांच्या आत आणि सायंकाळी सात ते सकाळी आठ ही वेळ वर्ज्य करून. शिवाय मुलगा स्वस्तात मिळतो म्हणूनच त्याच्या बापाची मजुरी वाढत नाही, हे मजुरांच्या वस्तीत कोणीही सांगेल. आणि वयाची मर्यादा वाढवल्याने उद्योग बुडतो असेही नाही. १८८१च्या कारखाने कायद्याने सात वर्षांचे मूल गिरणीत चालत असे. १८९१ साली ती मर्यादा नऊवर, १९२२ साली बारावर आणि १९४८ साली चौदावर गेली, आणि यांपैकी एकाही पायरीने मुंबईच्या गिरण्यांना टाळे लागले नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. बंदीला कामगारसंख्येची अट नसली, तरी कारखाना म्हणून नोंदणी आणि नियमित तपासणी होते ती कामगारांच्या संख्येवरून: जुन्या कारखाने अधिनियमात विजेवर चालणाऱ्या जागेसाठी हा आकडा दहा होता, कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याविषयीच्या २०२०च्या संहितेने तो वीस केला. परिणामी सहा-सात माणसांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जेथे धूळ खेचून घेणारे यंत्र नाही आणि हजेरीपटही नाही, नेमका तेथेच निरीक्षकाचा पाय लागत नाही. धूळ मात्र माणसे मोजून उडत नाही.

म्हणून जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे की, ओतकाम चालणाऱ्या प्रत्येक शेडची, मग तेथे माणसे कितीही असोत, नोंद करून ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि कामगारांच्या वयाचा दाखला दप्तरी ठेवणे प्रत्येक मालकाला सक्तीचे करावे. आणि दंडाची रक्कम व सोडवलेल्या प्रत्येक मुलामागे शासनाने द्यावयाचे पंधरा हजार रुपये ज्या पुनर्वसन निधीत जमा व्हावयाचे, त्यातून त्या मुलाच्या प्रशिक्षणाचा खर्च त्याच वर्षी भागवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर